लेकीच्या पावलांसाठी : फातेमाबाई इस्माईल यांची जीवनकथा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मी लिहून द्यावे असा भगिनींनी आग्रह धरला. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण दरवर्षी वाचतो, आणि ती वाचलीच पाहिजेत. या वेळी मात्र मी निवडलेले नाव थोडे वेगळे आहे. १९५८ साली पद्मश्रीने गौरवलेल्या आणि पुढे राज्यसभेत बसलेल्या श्रीमती फातेमा इस्माईल यांचे हे चरित्र आहे. एके काळी नावाजलेल्या या बाईंची आठवण आज मोखाड्यासारख्या ठिकाणी फारशी कोणाला नसेल. मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती. ती कशी झाली हे आधी थोडक्यात सांगते, म्हणजे हीच कथा मी का निवडली ते कळेल.

तीन वर्षांमागे ऐन लावणीच्या दिवसांत बांधावरून माझा पाय घसरला. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडले. हाड बसवून प्लॅस्टर घातले गेले आणि सहा आठवड्यांनी ते काढले. मला वाटले, संपले एकदाचे! पण हात लाकडासारखा झाला होता. मूठ मिटेना, तळवा उताणा होईना. नाचणीची भाकरी थापायला बसले की डोळ्यांत पाणी येई. प्लॅस्टर काढले त्या ठिकाणी त्या दिवशी गर्दी होती. पुढे काय करायचे ते मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. उलट, दुखतो म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला आणि सुनेच्या हातची भाकरी खात राहिले.

पुढे जव्हारला एका शिबिरात मुंबईची एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली होती. तिने माझा हात हातात घेतला, किती वळतो ते पाहिले आणि रोजचे काम नेमून दिले. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात बुडवायचा, पाण्यातच मूठ मिटायची नि उघडायची. ओले फडके पिळायचे. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जुळवून हळूहळू खाली दाबायचे. हातात पळी धरून तळवा उताणा-पालथा करायचा. यात औषधाचा एक थेंब नव्हता. पहिले पंधरा दिवस मी कुरकुरत केले. महिन्याने पळी सरळ वळू लागली आणि तीन महिन्यांनी मी पुन्हा भाकरी थापली. ती काठाला फाटली होती, पण माझ्या हातची होती.

त्या मुलीला मी विचारले की ही विद्या कोठली. तिने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शाळेची गोष्ट सांगितली, पोलिओच्या साथीची सांगितली आणि फातेमाबाईंचे नाव घेतले. पोलिओ म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी अंगणवाडी सेविका होते. १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची पहिली फेरी झाली, तेव्हापासून लसीचा डबा खांद्याला अडकवून पाड्यापाड्यावर मी किती वर्षे फिरले! दोन थेंब पाजताना लुळ्या पायाची मुले आणि मोठी माणसेही दिसत. पाय ओढत अंगणभर सरपटणारी एक मुलगी तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. थेंबांनी पुढची मुले वाचली, पण ज्यांचे पाय आधीच गेले होते त्यांच्यासाठी माझ्या डब्यात काही नव्हते. अशा मुलांसाठीच फातेमाबाईंनी आपले आयुष्य वेचले.

फातेमाबाईंचा जन्म ४ फेब्रुवारी १९०३ चा, मुंबईच्या धनाढ्य सोबानी घराण्यातला. त्यांचे बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक आणि गांधीजींचे निष्ठावंत सहकारी. ३१ जुलै १९२१ रोजी परळला विदेशी कापडाची मोठी होळी झाली, ती याच उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात. स्वतः कापडाचा व्यापार करणाऱ्याने आपल्या अंगणात ही होळी पेटवू द्यावी, याला केवढी छाती लागत असेल! राष्ट्रकार्याला त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. पण पुढे कापसाच्या व्यवहारात त्यांना जबर खोट आली, वैभव ओसरले आणि १९२६ साली ते ऐन उमेदीत वारले.

घराच्या या चढउताराची झळ फातेमाबाईंनाही लागली. डॉक्टर व्हावे ही त्यांची तरुणपणीची आकांक्षा. त्यासाठी त्या दूर व्हिएन्नाला गेल्या होत्या. ज्या काळी आपल्याकडे मुलीने गावच्या शाळेची पायरी चढणे हीच नवलाई होती, त्या काळी एका मुसलमान घरातील मुलीने वैद्यक शिकण्यासाठी समुद्र ओलांडला. पण घरची स्थिती पालटली आणि शिक्षण अपुरे टाकून त्यांना परतावे लागले. डॉक्टर होणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे त्यांचा विवाह हाशम इस्माईल यांच्याशी झाला. ते सरकारी अधिकारी होते आणि व्यापारी प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक आफ्रिकेत मोंबासा येथेही झाली होती. अशा घरच्या गृहिणीला मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच दिवस घालवता आले असते. फातेमाबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात शिरल्या. सिमल्यास असताना तेथल्या शाखेचे काम त्यांनी पाहिले. प्रौढ स्त्रियांना अक्षरओळख करून द्यावी, हाताला काम शिकवावे, असे ते काम होते. आपल्या मंडळात शिवणवर्ग चालतो, पापड-कुरडयांचे काम चालते, त्याच जातीचे. १९४२ च्या चळवळीत भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांना त्यांनी आपल्या घरी आसरा दिला. पती सरकारी नोकरीत असताना हे करायचे म्हणजे केवढे धाडस, हे निराळे सांगायला नको.

१९४५ च्या सुमारास त्यांच्या तीन वर्षांच्या धाकट्या लेकीला पोलिओ झाला.

पोलिओ म्हणजे काय, हे आपल्या नातवंडांना आता ठाऊकही नसेल, म्हणून दोन शब्द लिहिते. हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाण्या-अन्नावाटे तोंडातून पोटात जातो. बहुतेक मुलांना थोडा ताप येऊन जातो किंवा काहीच होत नाही. साधारण दोनशेंत एखाद्याच मुलाच्या बाबतीत तो विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींचा नाश करतो. पायाला चिमटा काढला तर मुलाला कळतो, पण पाय उचलायला सांगितले तर उचलत नाही. वापराविना पाय बारीक होतो, सांधे आखडतात आणि अंग वाकडे वाढू लागते. नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यावर तेव्हा औषध नव्हते आणि आजही नाही.

फातेमाबाईंनी डॉक्टर पालथे घातले. मुलगी पुन्हा चालेल अशी आशा कोणी दाखवीना. अशा वेळी आपल्याकडे काय होते, हे तुम्ही-आम्ही जाणतो. कोणी नवस सांगतो, कोणी पूर्वजन्म काढतो, कोणी आईच्याच पायगुणावर बोट ठेवतो. शेवटी मूल ओटीवर बसते ते कायमचे. फातेमाबाईंनी ते मानले नाही. मद्रासला डॉ. एम. जी. किणी नावाचे नामवंत अस्थिशल्यतज्ज्ञ आहेत असे त्यांना कळले. लेकीला घेऊन त्या मुंबईहून मद्रासला गेल्या आणि उपचारासाठी महिनोन्‌महिने तेथे राहिल्या. थोडा गुण दिसू लागला तेव्हा पुढील उपचारांसाठी त्या पुण्यास आल्या. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराने पुण्यात उपचारांची सोय केली होती आणि व्यायामाने व मर्दनाने अवयव पुन्हा कामास लावणारे जाणकार तेथे होते. एरवी ही विद्या आपल्या देशात फारशी कोठे मिळत नसे. फातेमाबाईंनी तेथील जाणकाराचे मन वळवले आणि सैनिकांसाठी असलेले ते कसब आपल्या चिमुरडीच्या पायांसाठी मिळवले.

हे कसब नेमके काय असते, ते मला माझ्या मनगटाने शिकवले. पोलिओने पायातील सगळेच स्नायू मरतात असे नाही, काही अर्धे उरतात तर काही शाबूत असतात. ते कोणते, हे एकेक स्नायू तपासून पाहायचे. ऊन फडक्याच्या शेकाने आखडलेले अंग सैल करायचे. मुलाला जमत नसेल तर त्याचा पाय आपल्या हाताने हलवायचा, म्हणजे सांधा गंजत नाही. मग उरलेल्या स्नायूला थोडे थोडे काम द्यायचे, आधी निजून, मग बसून, मग दोन आडव्या दांड्यांना धरून उभे करून. लागेल तेथे लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर किंवा कुबडी. एका दिवसात काही दिसत नाही, पण महिन्याने टाच टेकते. यात डॉक्टरांचा वाटा मोठा असला तरी रोजचा वाटा घरच्यांचा असतो, आणि घरात तो बहुधा आईच्याच हातांवर येतो.

त्या काळी जगभर याच प्रश्नावर मोठा वाद चालू होता. लुळा पडलेला पाय फळ्यांत किंवा प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवावा, अशीच पुष्कळ डॉक्टरांची पद्धत होती. ऑस्ट्रेलियातील रानोमाळ वस्त्यांवर हिंडणारी एलिझाबेथ केनी नावाची परिचारिका याच्या उलट वागत असे. लोकरीच्या ऊन ओल्या फडक्यांनी ती शेक देई आणि पाय लवकर हालता करी. पदवीवाल्यांनी तिची हेटाळणी केली. पण १९४० साली ती अमेरिकेत गेली, तेथे तिच्या पद्धतीला मान्यता मिळाली आणि १९४२ मध्ये मिनियापोलिस शहरी तिच्या नावाची संस्था उभी राहिली. १९५२ साली ती वारली. तिची सगळीच मते पुढे टिकली नाहीत, पण जखडण्यापेक्षा योग्य वेळी हालवणे बरे, हा तिचा आग्रह आज सर्वत्र मानला जातो.

फातेमाबाईंच्या कष्टांना यश आले. लेक आपल्या पायांवर उभी राहिली आणि चालू लागली. दुसरी कोणी असती तर देवापुढे दिवा लावून, पेढे वाटून संसारात रमली असती आणि त्यात काही वावगे नव्हते. पण मद्रास आणि पुणे असे राहण्याची ऐपत आणि हिंमत किती आयांजवळ असणार? आपण श्रीमंत घरच्या म्हणून आपली मुलगी चालली. गिरणी कामगाराच्या, हमालाच्या मुलीने काय करायचे? हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. तेथून पुढचे त्यांचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरात गेले, असे मला वाटते.

१९४७ साली, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, फातेमाबाईंनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. पैसा नव्हता, इमारत नव्हती. सुप्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीजवळचा आपला दवाखाना या कामासाठी वापरायला दिला. त्याच वर्षी ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रेन’ ही संस्था स्थापन झाली. अपंगांसाठी वापरलेला त्या नावातील शब्द आज कानाला बोचतो. आता आपण दिव्यांग म्हणतो. पण नाव जुन्या वळणाचे असले तरी त्यातील ‘पुनर्वसन’ हा विचार त्या काळाच्या पुढचा होता. मूल नुसते जगवायचे नाही, त्याला चारचौघांत पुन्हा त्याची जागा मिळवून द्यायची, असा त्याचा अर्थ.

केंद्राची बातमी पसरली तशी जागा अपुरी पडू लागली. मुलांना कडेवर, पाठीवर घेऊन आया येऊ लागल्या. फातेमाबाईंनी सरकारदरबारी खेटे घातले, धनिकांचे उंबरे झिजवले. १९५० नंतरच्या दशकात हाजीअलीजवळ मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. समुद्राच्या वाऱ्यावर, दर्ग्यासमोर. तेथे शस्त्रक्रिया, व्यायाम आणि कॅलिपर या गोष्टी एका छपराखाली मुलांना मिळू लागल्या. डॉक्टर होता आले नाही म्हणून व्हिएन्नाहून परतलेल्या बाईंनी डॉक्टरांनाच काम करायला घर बांधून दिले!

पण घर बांधले तरी हात कोठून आणायचे? मुलांना रोज व्यायाम देणारी शिकलेली माणसे देशात मोजकीच होती. त्या सुमारास मुंबईत पोलिओची साथही येऊन गेली होती. अखेर १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी शाळा निघाली. सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली, आणि आपल्या देशातील या विद्येची ही पहिली शाळा. १९५५ साली हाजीअलीलाच केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झाली. एका चिमुरडीच्या आजारपणापासून दहा वर्षांत केवढे अंतर कापले गेले! ते सारे फातेमाबाईंनी एकट्यांनी केले असे म्हणणे बरोबर होणार नाही. बाळिगांसारखे डॉक्टर, महापालिका, परदेशी तज्ज्ञ असे पुष्कळ हात लागले. पण एखादी चूल पेटायची तर पहिली फुंकर कोणीतरी घालावी लागते. ती एका आईची होती.

१९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वीस वर्षांनी, १९७८ मध्ये, राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले आणि १९८४ पर्यंत त्या तेथे होत्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाई तेव्हा दिल्लीला जाऊन देशाच्या सभागृहात बसत होत्या. १९८७ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात काय काय घडले, तेही सांगितले पाहिजे. पोलिओची लस १९५५ पासून जगात आली होती. आपल्याकडे घरोघर थेंब पाजण्याची मोहीम निघाली. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. ती बातमी ऐकली त्या दिवशी मी माझा जुना लसीचा डबा आठवून रडले होते. फातेमाबाईंना हा दिवस पाहायला मिळाला नाही. २०१७ साली हाजीअलीच्या त्यांच्या जागेवर नव्या बांधणीचे मोठे बालरुग्णालय सुरू झाले.

मग पोलिओ गेला तर ही विद्याही संपली का? मुळीच नाही. पोलिओच्या मुलांसाठी जे हात तयार झाले, ते आता पक्षाघात झालेल्या आजोबांसाठी, मांडीचे हाड मोडलेल्या आजीसाठी, मोटारसायकलवरून घाटात पडलेल्या पोरासाठी आणि माझ्यासारखीच्या मनगटासाठी राबतात. कारण एकच आहे. हाड डॉक्टर बसवतो आणि ते जुळते निसर्गाने, पण न वापरलेला सांधा आखडतो आणि न वापरलेला स्नायू वाळतो. खाटेवर निजून राहिलेल्या माणसाचे बळ दिवसादिवसाला उतरते. विश्रांती गरजेची असते, पण ती किती आणि कोठे थांबवायची, हे जाणकाराला विचारून ठरवावे लागते.

आणि भगिनींनो, हे आपल्या मुलखात फार जवळचे आहे. आपला डोंगराळ भाग. पावसात निसरडे बांध, उन्हाळ्यात डोईवर दोन-दोन हंडे घेऊन विहिरीपासून पाड्यापर्यंतची चढण, लावणीला दिवसभर वाकलेली पाठ. चाळिशीतच आपले गुडघे नि कंबर बोलू लागतात. हाड मोडले तर आपण हाडवैद्याकडे जातो किंवा दवाखान्यात. उपचार झाला की घरी येतो आणि दुखरे अंग कवटाळून बसतो. बाईमाणूस तर दोनच गोष्टी जाणते, एक तर अंग दुखत असताना ओझी उचलायची, नाही तर कायमचे अंथरूण धरायचे. या दोहोंच्या मधला रस्ता आपल्याला कोणी दाखवला नाही. तो रस्ता म्हणजे रोजचा थोडा थोडा, बेताबेताने वाढवलेला व्यायाम.

म्हणून वर्धापनदिनी मला मंडळापुढे एक साधी गोष्ट मांडायची आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी प्लॅस्टर असेल किंवा कोणाला पक्षाघात झाला असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात एकीने जावे आणि चार प्रश्न विचारावे. प्लॅस्टर असताना बोटे, कोपर, खांदा हलवायचा का? ते काढल्यावर पहिल्या दिवसापासून काय करायचे? किती दुखले तर थांबायचे? आणि पुन्हा दाखवायला केव्हा यायचे? एकटी बाई गर्दीत बुजते, मी स्वतः बुजले होते. दोघी असल्या की तोंड उघडते. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. जिला लिहिता येत नसेल तिच्यासाठी सोबतिणीने लिहावीत. मग आठवड्यातून एक दुपार मंडळाच्या खोलीत अशा भगिनींनी जमावे आणि नेमून दिलेले व्यायाम एकमेकींसोबत करावे. एकटीने केले तर चार दिवसांत कंटाळा येतो. चौघींत केले तर गप्पाही होतात आणि हातपायही सुटतात. सूज वाढली, बधिरपणा आला किंवा दुखणे सोसवेनासे झाले, तर मात्र घरगुती शहाणपण बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावे.

आपल्या तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणेचे धरण झाले आणि तेथले पाणी मुंबईला जाते. त्या मुंबईत एका आईने आपल्या लेकीसाठी शोधलेली वाट पुढे सर्वांची झाली. तिकडून ती विद्या इतक्या वर्षांनी का होईना, जव्हारच्या त्या शिबिरातून माझ्या मनगटापर्यंत आली. आता ती पाड्यापाड्यापर्यंत नेणे आपल्या हाती आहे. लसीचा डबा घेऊन आपण डोंगर चढलोच होतो. या कामाला तर डबाही लागत नाही.

फातेमाबाईंचे स्मरण आपण कसे करावे, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांचा फोटो माझ्याजवळ नाही, त्यांच्या नावाचा हार मी कोठे घालू? पण परवा शेजारच्या एका मुलीच्या पायाचे प्लॅस्टर निघाले. तिची आई तिला उचलून घेऊन चालली होती. मी तिला थांबवले, दवाखान्यात पुन्हा सोबत गेले, चार प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. आता रोज संध्याकाळी ती मुलगी माझ्या ओट्याची कड धरून टाचा उचलते आणि मी आकडे मोजते. कालपर्यंत आम्ही दहापर्यंत पोहोचलो आहोत. कोणाला पाहायचे असेल तर दिवेलागणीला जरूर या.